भेडाघाटचे आग्या मोहोळ आणि ग्रंथींतील पेशी

जबलपूर शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर नर्मदा नदी संगमरवरी खडकांतून वाट काढीत जाते. धुवांधारच्या धबधब्याखाली तिचे पात्र एकाएकी अरुंद होते आणि दोन्ही तीरांवर सुमारे ३० मीटर उंचीचे पांढरेशुभ्र कडे उभे राहतात. परिक्रमेस निघालेला मराठी यात्रेकरू, चौसष्ट योगिनींचे देऊळ पाहून घाटावर उतरलेला प्रवासी, सहलीस आलेला शाळकरी विद्यार्थी, हे सारेच नावेत बसून या घळीतून जातात आणि त्या शुभ्रतेचे वर्णन घरी परतल्यावर करतात. परंतु त्या शुभ्र कड्यांवर काही काळेही असते. पुढे आलेल्या कंगोऱ्यांखाली अर्धवर्तुळाकृती, काळसर पोळी लोंबत असतात. ती आग्या मोहोळे होत. दुरून पाहता खडकाला डाग पडला आहे असे वाटते. जवळून पाहता तो डाग जिवंत असून मधूनमधून त्यावर लाटेसारखी थरथर उमटते, असे ध्यानात येते.

या पोळ्यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे एक दुर्दैवी घटना घडली. नर्मदेवर रेल्वेचा पूल कोठे बांधावा याची पाहणी करण्यासाठी बॉडिंग्टन आणि आर्मस्ट्राँग नावाचे दोन इंग्रज बंदरकूदनी या ठिकाणी नावेतून चालले असता माश्यांचा लोट त्यांच्यावर तुटून पडला. दोघांनी आणि नावाड्यांनी पाण्यात उड्या घेतल्या. बॉडिंग्टन पोहत जाऊन एका खडकाला बिलगला; पण तेथेही माश्यांनी त्याला गाठले, आणि तो पुन्हा पाण्यात गेला तो वर आला नाही. त्या काळच्या वर्तमानपत्री वृत्तांतात या कीटकांना गांधीलमाश्या म्हटले होते. कड्याखाली उघडी लोंबणारी पोळी आणि तेथे आजही दिसणारी वस्ती पाहता ती आग्या मोहोळेच असली पाहिजेत. कॅप्टन जेम्स फॉर्साइथ याने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताविषयीच्या ग्रंथात या घळीतील मधमाश्यांच्या उपद्रवाची नोंद केली आहे.

अशी हकीकत ऐकल्यावर ऐकणारा सामान्यतः दोनपैकी एक उद्गार काढतो. एक म्हणतो, ‘माश्या दुष्ट आहेत, त्यांना जाळून टाकावे.’ दुसरा म्हणतो, ‘देवाच्या स्थानी विटाळ झाला असेल, म्हणून त्या कोपल्या.’ या दोन्ही उद्गारांत माशीला माणसाचे मन बहाल केलेले आहे. तिच्या शरीराकडे मात्र कोणीही पाहिलेले नाही. वास्तविक त्या दिवशी जे घडले त्याचे कारण माशीच्या शरीरातील काही थोड्या पेशींत होते. त्या पेशी ज्यास कळल्या त्याला आग्या मोहोळाखाली कसे वागावे हे कळते, आणि स्वतःच्या तोंडातील लाळ, पोटातील पाचकरस व आईच्या स्तनातील दूध यांचाही उलगडा होतो. म्हणूनच बहिःस्रावी ग्रंथींचे ऊतकविज्ञान हा केवळ वैद्यकीय महाविद्यालयात घोकण्याचा विषय नसून शाळेत शिकविण्याजोगा विषय आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

ग्रंथी म्हणजे काय

ग्रंथी हा शब्द गाठ या अर्थाने आला, आणि त्यानेच पुष्कळ घोटाळा केला. विद्यार्थी ग्रंथी म्हणजे मांसाची एक गाठ अशी कल्पना करून घेतो. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली काप ठेवला की गाठ नाहीशी होते आणि तिच्या जागी पेशींचा एक पातळ थर दिसू लागतो. शरीराचे बाहेरील आवरण आणि आतील पोकळ्यांचे अस्तर ज्या पेशींचे बनलेले असते त्यांच्या थराला अभिस्तर म्हणतात. हा अभिस्तर वाढताना खाली दबतो, त्याची नळी होते, नळीला फांद्या फुटतात, आणि फांद्यांच्या टोकाशी द्राक्षांच्या घडाप्रमाणे फुगवटे येतात. फुगवट्यांतील पेशी रस तयार करतात, नळीतील पेशी तो वाहून नेतात. मूळच्या पृष्ठभागाशी नळीचा संबंध टिकून राहिला तर ती बहिःस्रावी ग्रंथी; तो तुटला आणि रस थेट रक्तात उतरू लागला तर ती अंतःस्रावी ग्रंथी. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, घर्मग्रंथी व स्तनग्रंथी या पहिल्या प्रकारच्या. स्वादुपिंडात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

हे ज्ञान सहजासहजी मिळालेले नाही. इटलीतील मालपिगी याने सतराव्या शतकात रेशीमकिड्याच्या शरीरातील रेशमाच्या नळ्या उघडून पाहिल्या. त्याच शतकात १६४२ साली स्वादुपिंडाची आणि १६६१ साली कानाजवळील लाळग्रंथीची नलिका सापडली. तरीही रक्तवाहिन्याच ग्रंथीत उघडतात आणि रस म्हणजे गाळलेले रक्त होय, ही समजूत दीर्घकाळ टिकून राहिली. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याने १८३० साली अनेक प्राण्यांच्या ग्रंथी तपासून असे दाखविले की, ग्रंथीच्या नळ्यांची आतील टोके बंद असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या भोवतीने जातात, त्यांत उघडत नाहीत. तेव्हा रस गाळला जात नाही, तो भिंतीतील पेशींकडून बनविला जातो, असे मानणे भाग पडले. चाळणीची कल्पना जाऊन कारखान्याची कल्पना आली, ती अशी.

काही ठिकाणी हा कारखाना एकाच पेशीचा असतो. माणसाच्या आतड्याच्या अस्तरात इतर पेशींच्या रांगेत मधूनमधून पेल्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. त्यांचा वरचा भाग बुळबुळीत श्लेष्माने फुगलेला असतो आणि केंद्रक देठाशी चेपून बसलेले असते. यांना चषक पेशी म्हणतात. ना नळी, ना घड, ना गाठ. तरीही चषक पेशी ही पुरती ग्रंथीच होय. ग्रंथी आकाराने नव्हे तर पेशीच्या कामाने ओळखावी, हा धडा येथूनच मिळतो.

मेण आणि दूध

आता पुन्हा कड्याकडे वळावे. आग्या माशीचे पोळे मेणाच्या एकाच उभ्या पडद्याचे असते आणि त्याची रुंदी एक मीटर किंवा त्याहून अधिक भरू शकते. हे मेण फुलांतून आणलेले नसते. कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या अंगास, मागील चार खंडांच्या तळपट्ट्यांवर, मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. मेणग्रंथी म्हणजे निराळा अवयव नव्हे. कातडीतील अभिस्तराचाच तो एक तुकडा आहे. माशी कोवळी असते तेव्हा तेथील पेशी ठेंगण्या असतात. पोळे बांधण्याचे वय आले की त्याच पेशी उंच, खांबांसारख्या होतात. मेण वरच्या कवचातील अतिसूक्ष्म मार्गांनी पाझरते आणि बाहेर येऊन पातळ पापुद्र्यासारखे घट्ट होते. माशी फुलांवर जाऊ लागली की या पेशी पुन्हा बसक्या होतात. पाळीव युरोपीय माशीत हे बदल विशेष बारकाईने पाहिले गेले आहेत. तीन वयांच्या माश्यांचे तीन काप शेजारी ठेवले तर, कोणती माशी कोणते काम करीत होती हे, तिला जिवंतपणी न पाहताही सांगता येते.

माशीच्या डोक्यातील अन्नग्रंथीची गोष्ट याहूनही बोलकी आहे. माळेत मणी ओवावे तसे एका लांब नळीवर पेशींचे बारीक झुबके बसविलेले असतात. झुबक्यातील प्रत्येक पेशीला स्वतःची केसाहून बारीक नलिका असते व ती मुख्य नळीस मिळते. पिलांना भरविण्याच्या वयात हे झुबके टपोरे असतात आणि त्यांतून प्रथिनांनी भरलेले पांढरट अन्न स्रवते. राणीच्या अळीस अखेरपर्यंत मिळणारे अन्न ते हेच. पुढे माशी मकरंद आणू लागली की झुबके आक्रसतात आणि त्याच पेशी साखरेचे रूपांतर करणारी विकरे मुख्यतः बनवू लागतात; मकरंदाचा मध होतो तो यांच्याच साहाय्याने. पेशी तीच, नळी तीच. काम बदलले म्हणून घडण बदलली.

प्रथिने बनविणारी पेशी कोठेही असली तरी तिचे रूप बहुधा ओळखू येते. नेहमीच्या पद्धतीत कापाला दोन रंग देतात: हिमॅटॉक्सिलीनचा निळा-जांभळा आणि इओसीनचा गुलाबी. माणसाच्या स्वादुपिंडातील किंवा कानाजवळच्या लाळग्रंथीतील पेशी या रंगांत बुडविली की तिचा तळ जांभळा होतो आणि शेंड्याकडील भाग गुलाबी कणांनी भरलेला दिसतो. तळाशी प्रथिने बनतात, शेंड्याशी ती साठविली जातात. याउलट श्लेष्मा बनविणारी पेशी फिकट, फेसाळ दिसते आणि तिचे केंद्रक तळाशी चपटे झालेले असते. स्वादुपिंडाच्या पेशीत नवे प्रथिन तळाकडून शेंड्याकडे कसे प्रवास करते, हे जॉर्ज पॅलाड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात किरणोत्सर्गी खुणा वापरून गिनीपिगच्या पेशींत दाखविले. या दिशेने केलेल्या कार्याबद्दल पॅलाडला १९७४ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पोळ्यातील माशी आणि प्रयोगशाळेतील गिनीपिग यांच्यात नाते काय, असे विचारणाऱ्यास या काचपट्ट्या उत्तर देतात.

पेशीतून रस बाहेर पडण्याचे प्रकारही लक्षात घेण्याजोगे आहेत. बहुतेक ग्रंथींत रसाच्या पिशव्या पेशीच्या कडेशी येऊन फुटतात आणि पेशी जशीच्या तशी राहते. लाळ आणि घाम यांचे असे आहे. त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथीत मात्र संपूर्ण पेशीच तेलाने भरून फुटते आणि तिचा देह हाच रस होतो. स्तनग्रंथीत तर एकाच पेशीत दोन रीती चालतात. दुधातील प्रथिने पिशव्या फुटून बाहेर पडतात. स्निग्धाचा थेंब मात्र पेशीच्या पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून निघतो. पाठ्यपुस्तकात तीन प्रकारांची तीन चौकोनी चित्रे काढलेली असतात आणि विद्यार्थी ती पाठ करतो. निसर्गाने चौकोन आखून घेतलेले नाहीत, ही गोष्ट आईच्या दुधाच्या एका थेंबावरून समजावून देता येते.

विष आणि गंध

नांगीचे विष बनते ते एका लांब, बारीक नळीत. नळीच्या भिंतीतील पेशी ते स्रवतात आणि ते एका पिशवीत साठते. नळीला आतून कवचद्रव्याचे पातळ अस्तर असते, आणि प्रत्येक पेशीचा स्राव त्या अस्तरातून जाणाऱ्या स्वतंत्र नलिकेने आत उतरतो. मधमाशीच्या विषाच्या कोरड्या अंशाचा सुमारे निम्मा भाग मेलिटीन नावाच्या द्रव्याचा असतो. हे २६ ॲमिनो अम्लांचे छोटे प्रथिन पेशींची पटले फोडते. येथे विचारी विद्यार्थ्याच्या मनात एक शंका यावी: जे द्रव्य पेशी फोडते ते बनविणारी पेशी स्वतः कशी वाचते? उत्तर असे की, पेशी ते द्रव्य पूर्णावस्थेत बनवीतच नाही. तिच्यात बनते ते लांब शेपटी जोडलेले निरुपद्रवी रूप. ती शेपटी पुढे छाटली गेल्यावर त्यास धार येते.

हीच युक्ती माणसाच्या स्वादुपिंडाने योजलेली आहे. मांस पचविणारे ट्रिप्सीन तेथे ट्रिप्सिनोजेन या म्यान केलेल्या रूपात बनते आणि आतड्यात उतरल्यावर तेथील विकराने म्यान काढले जाते. काही कारणाने ते स्वादुपिंडातच निघाले तर पिंड स्वतःस पचवू लागते. तीव्र स्वादुपिंडदाह या प्राणसंकटाचे एक प्रमुख अंग हेच. माशीची विषनळी आणि माणसाचे स्वादुपिंड यांत कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे. पण स्वतःस न जाळता आग कशी बाळगावी या प्रश्नाचे उत्तर दोघांनी एकाच रीतीने दिले आहे.

तथापि बॉडिंग्टनचा प्राण केवळ विषाने गेला नाही. तो गेला गंधाने. माशीच्या नांगीच्या तळाशी असलेल्या ग्रंथिपेशी एक उडून जाणारा गंध सोडतात. त्यातील मुख्य द्रव्य आयसोपेंटाइल ॲसिटेट होय, हे युरोपीय माशीबाबत १९६२ साली दाखविले गेले. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो. आग्या माशीत याच्या जोडीस दुसरे एक द्रव्यही आढळले असून त्याचा परिणाम अधिक वेळ टिकतो. एक माशी डसली की तिची नांगी कातडीत रुतून राहते, आणि नांगीबरोबर हा गंधही. पुढच्या माश्यांना शत्रू शोधावा लागत नाही. त्याच्या अंगावर खूण झालेली असते. युरोपीय माशी पेटीत किंवा ढोलीत राहते. तिला भिंती असतात. आग्या माशीचे पोळे उघड्यावर टांगलेले असते आणि त्यास भिंत असते ती माश्यांच्याच देहांची. तेव्हा तिचा प्रतिकार सामुदायिक आणि दूरवर पाठलाग करणारा असावा, यात नवल नाही. ज्याला दुष्टावा म्हणतात तो काही पेशींचा स्राव आणि घराला भिंत नसणे, या दोहोंचा परिणाम आहे.

काचपट्टीवरही आंधळा विश्वास नको

ऊतकविज्ञानाचा कैवार घेताना त्याची मर्यादा लपविणे योग्य होणार नाही. माणसाच्या जबड्याखालील लाळग्रंथीच्या कापात श्लेष्मल पेशींच्या घडाला टोपीसारखी चिकटलेली, पातळ रस बनविणाऱ्या पेशींची चंद्रकोर दिसते. १८६५ साली जानूत्सी या इटालियन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे ही ‘अर्धचंद्रिका’ प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापली गेली. पुढे ग्रंथी रसायनांत न बुडविता क्षणार्धात गोठविण्याची रीत निघाली. तशा रीतीने तयार केलेल्या कापांत चंद्रकोर दिसेना. दोन्ही प्रकारच्या पेशी नळीभोवती एका रांगेत उभ्या असलेल्या आढळल्या. १९९९ च्या सुमारास जपानी संशोधकांनी याचे कारण असे मांडले की, नेहमीच्या रसायनांत श्लेष्मल पेशी फुगतात आणि शेजारच्या पेशींना मागे रेटतात. म्हणजे चंद्रकोर ही निसर्गाची नव्हे, तर बरणीतील द्रावाची निर्मिती असावी.

या प्रकाराने ऊतकविज्ञानाची अप्रतिष्ठा होत नाही. उलट ती वाढते. ज्या शास्त्राने चूक केली त्याच शास्त्राने, तेच डोळे अधिक सावधपणे वापरून, ती दुरुस्त केली. परंतु यातून एक बोध निघतो. ‘अर्धचंद्रिका कोठे आढळते?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास या दुरुस्तीचा अर्थ कळणार नाही. काप कसा घेतला, कशात बुडविला, कोणता रंग दिला, हे ज्यास विचारता येते त्यालाच तो कळेल. शाळेत शिकवावयाचे ते हे विचारणे होय; नावांची यादी नव्हे.

आक्षेप आणि उत्तर

यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्हींत तथ्यांश आहे. पहिला खर्चाचा. मेणात बसविलेल्या ऊतकाचे पातळ काप घेणारे यंत्र महाग असते, आणि ते चालविण्यास हात कसलेला लागतो. परंतु शाळेने काप घेण्याचे कारणच नाही. कायम टिकणाऱ्या तयार काचपट्ट्या मिळतात. लाळग्रंथी, आतडे आणि त्वचा अशा तीन पट्ट्या आणि एक साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर या लेखातील माणसाच्या ग्रंथींविषयीचा बराचसा भाग डोळ्यांनी पाहता येईल. काचपट्टी फुटेपर्यंत ती वर्षानुवर्षे उपयोगी पडते. तालुक्याच्या ग्रंथालयात अशा पट्ट्यांची एक पेटी असली आणि ती आळीपाळीने शाळांना मिळाली, तर एका पेटीवर पुष्कळ शाळांचे काम भागेल. ग्रंथालयाने पुस्तके द्यावीत आणि काचपट्ट्या देऊ नयेत, असा काही नियम नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. अभिस्तर, केंद्रक, विकर हे शब्द मुलांना जड जातात, अशी तक्रार ऐकू येते. शब्द जड जातो तो वस्तू न पाहता दिला म्हणून. चषक पेशी प्रथम डोळ्यांनी पाहावी, तिचे चित्र विद्यार्थ्याने स्वतः काढावे, त्याने तिला वाटल्यास ‘पेला’ म्हणावे, आणि मगच शास्त्रीय नाव सांगावे. तेव्हा ते नाव त्याला ओझे वाटणार नाही, सोय वाटेल. आज बहुतेक वर्गांत क्रम उलटा असतो: प्रथम नाव, मग व्याख्या, मग छापील आकृतीची नक्कल आणि शेवटी, वेळ उरल्यास, सूक्ष्मदर्शक. हा क्रम उलट केल्यावाचून कितीही सोपे शब्द घडविले तरी उपयोग होणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे ज्ञान वैद्यास हवे, इतरांस त्याचे काय? या आक्षेपाचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा पुन्हा त्या घळीत जाऊन द्यावे हे बरे.

पेशी कळल्याने काय बदलते

आग्या मोहोळाने हल्ला केला असता करावयाच्या गोष्टी वर सांगितलेल्या पेशींच्या कामातून सरळ निघतात. नांगी कातडीत राहिली तरी तिच्या तळाशी जोडलेले विषाचे पिशवीयंत्र काही वेळ आकुंचन पावत राहते. म्हणून नांगी तत्काळ काढावी. ती चिमटीने काढू नये, खरवडूनच काढावी, असा संकेत पूर्वी होता; परंतु १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, कोणत्या रीतीने काढली यापेक्षा किती लवकर काढली यालाच महत्त्व आहे. गंधाची खूण अंगावर राहते. म्हणून जागीच उभे राहून हात झाडण्यात अर्थ नाही. तोंड झाकून त्या जागेपासून शक्य तितक्या लवकर दूर, बंद खोलीत वा वाहनात जावे. पाण्यात उडी घेणे हा उपाय नव्हे. माश्या वर घिरट्या घालीत राहतात आणि श्वासासाठी डोके वर येताच पुन्हा डसतात. बॉडिंग्टनचा अंत हेच सांगतो.

मेलिटीन पेशींची पटले फोडते. म्हणून शेकडो डंख झालेल्या माणसाच्या तांबड्या पेशी आणि स्नायू यांची मोडतोड होऊन पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पहिल्या तासात तो बरा दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच लागते. आणि ज्याच्या शरीरास या विषाचे वावडे आहे त्याला एकच डंखही घातक ठरू शकतो. श्वास कोंडू लागला तर ॲड्रेनॅलिनच्या सुईखेरीज दुसरा भरवसा नाही. हळद, चुना वा लोखंड चोळीत बसण्यात जो वेळ जातो तो येथे प्राणाच्या मोलाचा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट हल्ला होऊच नये ही. धूर, आग, फटाके, दगड यांनी पोळे डिवचले की पहिल्या माशीच्या ग्रंथीतून पहिला गंध सुटतो. पुढील सारे त्याच्यामागून येते. अरुंद घळीत नावेतील माणसाला पळावयास वाट नसते. तेव्हा कड्याखाली विडी पेटवू नये, हे सांगण्यासाठी देवाच्या कोपाची भीती घालण्याची गरज नाही, आणि नुसत्या पाटीने भागेल असेही नाही. कारण कळलेले मूल घरच्या वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे अडवू शकते. कारण न कळलेले मूल पाटी वाचते आणि दगड उचलते.

उरला प्रश्न पोळी जाळण्याचा. शहरांतील उंच इमारतींवर, पाण्याच्या टाक्यांखाली आग्या मोहोळ बसले की रात्री मशाल लावून किंवा विषारी फवारा मारून ते नष्ट करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात. आज आलेले मोहोळ काही महिन्यांनी आपण होऊन जाते. तोवर ते कितीतरी झाडांच्या व पिकांच्या फुलांचे परागण करून जाते. रहदारीच्या जागी पोळे असेल तर ते जाणत्या माणसाकडून हलविणे आवश्यक ठरेल. माणसाच्या जिवाची किंमत येथे कमी लेखावयाची नाही. पण केवळ भयापोटी जाळलेल्या प्रत्येक पोळ्याबरोबर मेणाच्या, दुधाच्या आणि मधाच्या त्या साऱ्या पेशीही जळतात, ज्यांपासून माणसाला भीती नव्हतीच. विषाची नळी तेवढी ध्यानात राहिली आणि बाकीच्या ग्रंथी विसरल्या गेल्या, तर निर्णय एकांगी होणारच. पुण्यास १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारखी संस्था महाराष्ट्रात असताना तरी मराठी वाचकाने या बाबतीत अज्ञानाची सबब सांगू नये.

तेव्हा ग्रंथींचे ऊतकविज्ञान इतरांस काय कामाचे, या आक्षेपाचे उत्तर असे: जो पेशी पाहावयास शिकला तो प्राण्याला दुष्ट म्हणण्यापूर्वी त्याच्या शरीराची घडण विचारतो, आणि उपाय योजण्यापूर्वी कारण शोधतो. ही सवय वैद्यापुरती राखून ठेवण्याजोगी नाही. भेडाघाटच्या नावेत वैद्य क्वचितच असतो. नावाडी, यात्रेकरू आणि शाळेची मुले मात्र रोज असतात.